टाकीत डॅमसेल मासा घालून ती 'सेट' करणाऱ्यांसाठी, एकदाच सविस्तर

खानापूरकर
काल इथं एक पोस्ट पडली: "समुद्री टाकीला सहा आठवडे सायकल हे यूट्यूबवाल्यांचं खूळ. मीठ कालवा, दुसऱ्या दिवशी दोन डॅमसेल सोडा. जगले तर टाकी सेट, मेले तर दोनच गेले." खाली अंगठ्यांची रांग. सायकल म्हणजे टाकीत जिवाणू बसू देणं: पहिली फळी माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी त्याचं नायट्रेट. म्हणून लिहायला बसलोय, आणि रागानंच बसलोय.

गोड्या पाण्यात हे खपून जातं. तिथं पीएच (पाण्याच्या आम्ल-अल्कपणाचा आकडा) ७ च्या आसपास असतो आणि अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. आपल्या टाकीत पीएच ८.२. तिथं तोच भाग सहा-सात टक्क्यांवर जातो. अमोनिया मोजायच्या किटवर आकडा तोच, मार दहापटीवर. डॅमसेल चिवट, मरत नाही. पण त्याच्या कल्ल्यांचं काय झालं ते कोण बघतंय?

आणि जगला तर तो टाकीचा मालकच होतो. नंतर क्लाऊन मासा आणा, त्याच्या शेपटीच्या चिंध्या करतो. पकडायला जावं तर सगळे दगड उपसून बाहेर काढायचे.

मासा न घालता होतंय की हे. अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर (लिटरला २ मिलिग्रॅम) आणा आणि थांबा. आज घातलेला अमोनिया उद्या शून्य, नायट्राइटही शून्य, की झालं. कॅलेंडर बघू नका, किट बघा. कधी चार आठवडे, कधी सहा. मग पाणी बदला, मासा आणा. घाई असेल तर कुणाच्या तरी चालू टाकीतला दगड मागून आणा, निम्मा वेळ वाचेल.

शहापूर जुना
पोस्ट माझीच. नाव घेऊन बोलायचं की, इतकं काय लाजायचं. तुम्ही मोबाईल बघून मासे पाळायला लागलात, आम्ही खड्यांखाली बसवायच्या अंडरग्रॅव्हल फिल्टरवर पाळलेत. किट म्हणजे काय, कुणाला माहीत नव्हतं. माझा निळा डॅमसेल पोराच्या बारावीपासून त्याच्या लग्नापर्यंत जगला. त्याला कुठला पीपीएम लागला नाही.

टिळकवाडी
काका, जगला तो एक सांगताय. त्याच्याबरोबर सोडलेला दुसरा?

शहापूर जुना
त्याला ह्यानंच मारला.

खानापूरकर
अहो, तेच लिहिलंय की मी वर!

लॅबवाली
खानापूरकर, तुमचंही सगळं खरं नाही. नायट्राइटचा एवढा बाऊ कशाला? गोड्या पाण्यात ते रक्तात शिरतं आणि मासा गुदमरतो. खाऱ्या पाण्यात क्लोराइड इतकं असतं की कल्ल्यांतून आत शिरायला नायट्राइटला वाटच मिळत नाही. शिवाय नायट्राइट शिल्लक असताना नायट्रेटची किट भलताच आकडा दाखवते, लोक घाबरून रोज पाणी बदलत बसतात. मुद्दा अमोनियाचा आहे. तिथंच थांबा.

खानापूरकर
अक्का, विषाचं म्हणणं मान्य. पण नायट्राइट उतरलं म्हणजे दुसऱ्या फळीचे जिवाणू बसले, एवढं तर कळतं? तेवढ्यासाठी थांबायला सांगितलं.

लॅबवाली
मग तसं लिहायचं होतं.

चोर्ला एक्सप्रेस
हे सगळं मीठ विकत घेणाऱ्यांचं दुखणं. समुद्र काय लांब आहे? सकाळी चोर्ला घाट उतरून गोव्यात जायचं, कॅन भरायचे, मासळीची थाळी मारायची, रात्री घरी. अस्सल पाणी, त्यात जिवाणू आयते. सायकलची भानगडच नाही.

निपाणी हिशेबी
लिटरला ३५ ग्रॅम मीठ. २०० लिटरच्या टाकीला ७ किलो. ते पिशवीतून येतं. तुम्ही त्यासाठी दोनशे किलोच्या वर पाणी घाट चढवताय. डिझेल कोण मोजणार?

चोर्ला एक्सप्रेस
थाळी कोण मोजणार? तुमच्या पिशवीत थाळी येते का?

टिळकवाडी
आम्ही एकदा असे कॅन आणत होतो. वाटेत चेकपोस्टवर अडवलं. एवढे कॅन म्हणजे फेणीच, असा त्यांचा हिशेब. समुद्राचं पाणी आहे म्हटलं तर हसले. शेवटी म्हटलं, साहेब, चाखून बघा. चाखलं, थुंकलं, सोडलं. बायको अजून सगळ्यांना सांगते.

लॅबवाली
पाणी कुठून आणि कधी भरता ते सांगा आधी. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी भरलं तर अर्धं गोडं पाणी घरी नेताय. खारटपणा मोजायचा हायड्रोमीटर १.०२५ दाखवतो का बघितलंय कधी?

चोर्ला एक्सप्रेस
मे महिन्यात भरतो, नदीच्या तोंडापासून लांब. कापडातून गाळून अंधारात ठेवतो. एवढी अक्कल आहे हो आम्हाला.

खानापूरकर
अक्कल आहे, पण 'जिवाणू आयते' हे चूक. हे जिवाणू दगडावर, वाळूवर थर धरून बसतात. पाण्यात असून नसल्यासारखे. कॅनभर समुद्र ओतला तरी सायकल करावीच लागते.

चोर्ला एक्सप्रेस
मग दगडही आणतो की.

निपाणी हिशेबी
कुठला, जांभा? त्यात लोहच लोह. टाकीत शेवाळाची शेती करायची असेल तर आणा.

चोर्ला एक्सप्रेस
जांभा कोण म्हणालं? किनाऱ्यावर प्रवाळाचे तुकडे सापडतात.

लॅबवाली
ते तर हातच लावू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा, २००१ पासून कडक प्रवाळ पहिल्या परिशिष्टात. वाघ आहे त्याच यादीत.

चोर्ला एक्सप्रेस
मेलेला तुकडा हो! वाघ काय आणला नाही मी.

लॅबवाली
मेलेल्या वाघाचं कातडं घरात चालतं का?

चोर्ला एक्सप्रेस
झालं, आता आम्ही शिकारी. दुकानात राजरोस विकतात तेव्हा कुठं जाता तुम्ही? गरिबानं किनाऱ्यावरचा खडा उचलला की कायदा.

टिळकवाडी
दर महिन्याला गोव्यात थाळी खाणारा गरीब!

चोर्ला एक्सप्रेस
तुला शेवटचं सांगतोय, माझ्या थाळीवर जाऊ नकोस.

खानापूरकर
थाळी राहू दे. विषय सायकलचा होता.

अनगोळ नवीन
मी नवीनच आहे. दुकानदार म्हणाला बाटलीतले जिवाणू घाला, दुसऱ्या दिवशी मासे. मागवली. भर एप्रिलात आठवडाभर कुठल्या तरी गोदामात उकडून आली, उघडली तर गटाराचा वास. आता घालू की ओतून टाकू? गोल्डफिशच्या टाकीतला स्पंज पण आहे घरी.

खानापूरकर
ओतून टाका. बाटल्या सगळ्या खोट्या नसतात, चांगली बाटली थंड राहिली तर कामाला येते, पण तुमची शिजली. गोड्या पाण्यातला स्पंज उचलून खाऱ्यात टाकला तर त्यातले बहुतेक जिवाणू दगावतात, त्याचा भरवसा नको. नळाचं पाणी घेत असाल तर क्लोरीन काढून घ्या, नाहीतर एका हातानं जिवाणू वाढवायचे आणि दुसऱ्या हातानं मारायचे.

अनगोळ नवीन
आणि लाईट गेली तर?

टिळकवाडी
गेली तर काय विचारताय, जातेच. बॅटरीवरचा एअरपंप घ्या. जिवाणूंनाही हवा लागते.

शहापूर जुना
सगळं वाचलं. डॅमसेलवर माझं मत तेच आहे. पण जुनी टाकी परत लावतोय, म्हणून विचारतो: हे अमोनियम क्लोराइड म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागर ना? शहापुरात पूर्वी मिळायचा.

लॅबवाली
तोच, काका. पण बाजारातला नको, काय भेसळ असेल सांगता येत नाही. शुद्ध घ्या. २०० लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे २ पीपीएम. एकदम मूठभर टाकू नका.

शहापूर जुना
म्हणजे भांडी नसताना नवसागर घालायचा आणि मासे नसलेली टाकी सहा आठवडे बघायची. शिकवा, शिकवा. करून बघतो. पण पहिला मासा डॅमसेलच आणणार.

खानापूरकर
शेवटचा आणा की काका. बाकीचे मासे रुळले, की मग.

शहापूर जुना
बघू. किट तुझी घेऊन ये, मी विकत घेणार नाही.

चोर्ला एक्सप्रेस
रविवारी निघतोय. अजून चार कॅनला जागा आहे. डिझेल निम्मं, थाळी ज्याची त्यानं. टिळकवाडी सोडून कुणीही या.