गोडलिंबावरच्या सारख्या अळ्या, फुलपाखरं मात्र दोन निघाली. वहीत नाव काय लिहू?

गोडलिंब_अंगण:
नमस्कार मंडळी. आमच्या अंगणातल्या गोडलिंबावर हिरव्या अळ्या दिसल्या म्हणून पोरीनं त्यातल्या दोन डब्यात ठेवल्या, वर जाळी बांधली, रोज ताजा पाला घातला. दोन्ही हुबेहूब सारख्या, काडीनं जरा डिवचलं की डोक्यामागून लाल दोन शिंगं बाहेर काढायच्या आणि काय तो उग्र वास! काल पहिलं फुलपाखरू निघालं, काळं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ. आज दुसरं निघालं तर मागच्या पंखावर मधोमध पांढरा डाग अन् कडेनं लाल चंद्रकोरी. मोबाइलच्या अ‍ॅपनं एकाला कॉमन मॉर्मन सांगितलं, दुसऱ्याला कॉमन रोज. असं कसं बाप्पा? पोरगी वहीत नाव लिहायला बसलीय, चुकीचं नको जायला.

अंबाझरी_फिरस्ता:
ताई, दोन्ही एकच, कॉमन मॉर्मन. दुसरी मादी आहे. कॉमन रोजची अळी ईश्वरीच्या वेलावर वाढते, त्या पाल्यातलं विष अंगात मुरतं म्हणून पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत, आणि आपली ही मादी विषारी नसताना फक्त तसा वेष घेऊन वाचते. गोडलिंबावर कॉमन रोजची अळी वाढणारच नाही. खात्री करायची तर पंख सोडा, अंग बघा. कॉमन रोजचं अंग लाल असतं, हिचं काळं. मादीचं आणखी एक रूप क्रिमसन रोज या दुसऱ्या विषारी फुलपाखरासारखं असतं, आणि तिसरं थेट नरासारखं, म्हणजे तुमचं पहिलं नर की मादी हे नुसत्या पंखांवरून ठरवू नका.

गोडलिंब_अंगण:
आत्ताच बघून आले, काळं कुळकुळीत अंग! पण मग जुन्या काळच्या शास्त्रज्ञांना हे कळलं कसं?

सेमिनरीहिल्स_पाकोळी:
आधी तेही फसलेच की. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५८ च्या एकाच ग्रंथात पॅमॉन आणि पॉलीटेस अशी दोन नावं दिली, नरासारखं दिसतं ते पॅमॉन आणि ही तुमची लाल चंद्रकोरीवाली पॉलीटेस. पुढे १७७५ मध्ये क्रामर या कीटक अभ्यासकानं क्रिमसन रोजसारख्या मादीला रोम्युलस म्हणून तिसरी जात केली. त्यांच्यासमोर टाचणीला लावलेले सुकलेले नमुने होते, कोणत्या अळीतून काय निघतं हे त्यावरून दिसत नाही, तुमच्या पोरीनं डब्यात जे पाहिलं ते त्यांना बघायला मिळालं नव्हतं. १८६५ मध्ये वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञानं ही सगळी एकाच जातीच्या माद्यांची रूपं म्हणून मांडली. आज जातीचं नाव पॉलीटेस आहे, पण रोम्युलस वाया गेलं नाही, आपल्याकडच्या उपजातीचं तेच नाव आहे. वहीत लिहा: पॅपिलिओ पॉलीटेस रोम्युलस.

एक बारकावा मला फार आवडतो. शास्त्रीय नावापुढे ते देणाऱ्याचं नाव आणि वर्ष लिहितात. पॉलीटेसपुढे नुसतं लिनियस, १७५८ असतं, पण कॉमन रोजपुढे फॅब्रिशियस, १७७५ हे कंसात लिहितात, कारण त्यानं ते पॅपिलिओ या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातलं होतं आणि नंतर ते पॅक्लिऑप्टा या प्रजातीत हलवलं गेलं. कंस दिसला की समजायचं, घर बदललंय.

काटोल_संत्रा:
आमच्या संत्र्याच्या रोपांवर पण पानं खाणाऱ्या अळ्या येतात, जास्त करून लाइम बटरफ्लायच्या, लहानपणी पक्ष्याच्या शिटीसारख्या दिसतात म्हणून नजरेतून सुटतात. नवी पालवी साफ करतात, हातानं वेचाव्या लागतात. मोठ्या झाडाला फारसं काही होत नाही, तिथं मी राहू देतो.

अंबाझरी_फिरस्ता:
आणि २०१४ मध्ये जीवशास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मादी कोणता वेष घेणार हे डबलसेक्स नावाचा एकच जीन ठरवतो. नर-मादी घडवणारा जीन, त्यालाच हे काम. मॉर्मन हे इंग्रजी नाव अमेरिकेतल्या मॉर्मन पंथातल्या, एके काळच्या अनेक बायका करायच्या चालीवरून पडलं, मला काही ते रुचत नाही. मी घरी बहुरूपी म्हणतो.

गोडलिंब_अंगण:
पोरीनं तुमचं बहुरूपी पण लिहिलं, खाली तिन्ही माद्यांसाठी चौकटी आखल्यात. संध्याकाळी जाळी काढली तर ही मादी उडून परत गोडलिंबावरच बसली. झाडावर अजून चार अळ्या आहेत, क्रिमसन रोजवालं रूप निघालं तर इथेच फोटो टाकते.