यात्रा वन: पाटीचं अक्षर पुस्तकात लावावं का?

गोरेगावकर: आमच्या सोसायटीच्या ५० वर्षांच्या स्मरणिकेची मांडणी करतोय. कॅथरीन ली श्मिट यांचा 'यात्रा वन' फॉन्ट निवडलाय. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो घडवलाय, शिवाय मोफत आहे. त्यात 'दादर' लिहून मोठं करून बघा, पिवळ्या पाटीसमोर उभं असल्यासारखं वाटतं. आपल्या शहराचं अक्षर नुसतं मुखपृष्ठावर कशाला? आतल्या लेखांनाही हेच लावावं, असं माझं ठाम मत आहे.

बोरूप्रेमी: लेखांना नको, कळकळीने सांगतो. पाटीवर शब्द एखाद-दुसराच, तोही धावत्या गाडीतून वाचायचा, म्हणून जाड. तोच जाडपणा ११ पॉइंटला आणलात की 'ष्ट', 'द्ध', 'क्ष' यांच्या पोटातली पांढरी जागा बुजते. आणि याला वजन, म्हणजे अक्षराचा जाडपणा, एकच. 'बोल्ड' केलंत तर संगणक नुसत्या कडा फुगवतो. शीर्षकं, फलक, दुकानाचं नाव इथे खुशाल वापरा. मजकुराला 'मुक्ता' फॉन्ट घ्या.

गोरेगावकर: ज्येष्ठांना जाड अक्षर सोपं जातं, हा माझा अनुभव आहे.

बोरूप्रेमी: त्यांना मोठं अक्षर आणि दोन ओळींत मोकळी जागा हवी असते. एकच पान दोन्ही फॉन्टांत छापून त्यांच्या हातात द्या.

रंगाऱ्याची लेक: मला तर शीर्षकालाही फॉन्ट पटत नाही. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आधी खडूने दोरी मारून शिरोरेषा, मग पाटीची लांबी बघून अक्षरं. जागा उरली की काना लांब सरकायचा, कमी पडली की 'र' आखडायचा. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं रेखाटली, तीही त्या त्या नाटकासाठी. फॉन्टमध्ये 'दादर'चे दोन्ही 'द' हुबेहूब सारखे. रंगवलेलं अक्षर हवं असेल तर रंगाऱ्याला बोलवा, त्याला मजुरी द्या.

बोरूप्रेमी: मुखपृष्ठापुरतं मान्य. पण स्मरणिकेत तीसेक शीर्षकं असतील, ती सगळी कोण रंगवणार? शिवाय या फॉन्टमधली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. देवनागरी लिहायच्या बोरूचा, म्हणजे वेताच्या लेखणीचा, कट रोमन लेखणीच्या उलट्या बाजूला कलतो. एरवी देवनागरीलाच रोमनच्या मापात बसवतात. इथे इंग्रजी अक्षरांनी देवनागरीचा कल घेतलाय. द्विभाषिक पाटीला याहून योग्य अक्षर माझ्या तरी पाहण्यात नाही.

गोरेगावकर: मजकुराचं पान छापून बघतो. शीर्षकं मात्र यात्रामध्येच राहतील. ताई, मुखपृष्ठावरचं नाव बाबा रंगवून देतील का?

रंगाऱ्याची लेक: त्यांचा हात आता थरथरतो. पण त्यांच्याकडे शिकलेला एक जण अजून ब्रश धरतो, त्याला विचारते. पाटीची लांबी-रुंदी आधी कळवा, तो ती विचारल्याशिवाय ब्रश उचलत नाही.