अप्रेझलची वही: आपल्या कामाची नोंद आपणच ठेवावी का?

शुक्रवारची_वही: गेल्या मार्चमध्ये सेल्फ अप्रेझल, म्हणजे वर्षभरातल्या आपल्या कामाचा आपणच लिहायचा आढावा, भरायला बसले आणि जूनमध्ये काय केलं तेच आठवेना. रात्री दोनला बिलिंग बंद पडलं होतं, उजाडेपर्यंत जागून मी ते सुरू केलं, पण फॉर्ममध्ये ते आलंच नाही. मॅनेजर नोव्हेंबरात आलेले, त्यांना कसं कळणार? आता दर शुक्रवारी निघण्याआधी वहीत चार ओळी लिहिते: कुणाचं काय अडलं होतं, ते कसं सुटलं, किती वेळ वाचला. दर तिमाहीला त्यांना मेल करते आणि विचारते, वरच्या रेटिंगला कुठे कमी पडतेय? माझं ठाम मत आहे, हे प्रत्येकाने करावं.

माजी_लीड: पटत नाही. बारा जणांच्या टीममध्ये वरचं रेटिंग दोघांनाच द्या, असं आम्हाला वरून यायचं. बाराही वह्या चोख असत्या तरी दहा जण खालीच राहिले असते. मायक्रोसॉफ्टने ही सक्तीची उतरंड २०१३ मध्ये बंद केली. बदलायची ती पद्धत. ओझं कर्मचाऱ्यावर कशाला?

शुक्रवारची_वही: पद्धत बदलेपर्यंत रेटिंग ठरवणाऱ्या बैठकीत माझ्या बाजूने बोलणाऱ्याच्या हातात काही नको का?

गोपनीय_अहवाल: सरकारी नोकरीतलं सांगतो. पूर्वी आमच्याकडे वार्षिक गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा असेल तरच कळवायचे. सीमा रस्ते सेवेतले कार्यकारी अभियंता देव दत्त यांना १९९३-९४ साठी 'चांगला' शेरा होता. पदोन्नतीला पाचही वर्षं 'अतिशय चांगला' हवा होता. 'चांगला' प्रतिकूल नाही म्हणून त्यांना कळवलाच नाही, आणि बढती त्याच शेऱ्यावर अडली. ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. २००८ मध्ये कोर्टाने सांगितलं, शेरा कोणताही असो, कळवलाच पाहिजे. स्वतःच्या शेऱ्याचा पिच्छा पुरवला म्हणूनच पद्धत बदलली. तुम्ही दोघं या दोन गोष्टी वेगळ्या का काढताय?

माजी_लीड: कारण सगळ्यांना पिच्छा पुरवता येत नाही. माझ्या टीममधल्या एका टेस्टरने अख्ख्या फॉर्ममध्ये एकच ओळ लिहिली होती, 'नेहमीचं काम केलं.' व्याजाच्या हिशेबातली पैशांची चूक रिलीजच्या आदल्या दिवशी त्यानेच पकडली होती. रेटिंग मधलं गेलं. त्याच्या वतीने ते मी लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही.