सुचतं भरपूर, पूर्ण काहीच होत नाही: कथालेखनाबद्दल सल्ला हवा आहे

कोरी_वही:

नमस्कार मंडळी,

काही काळापासून कथा लिहायला लागले आहे. सुचण्याची अडचण नाही, डोक्यात काही ना काही घोळतच असतं. पण हातात सध्या तीन गोष्टी अर्धवट आहेत. एक कथा दोन पानांवर थांबली आहे. दुसरी बरीचशी लिहून झाली, पण शेवट जमत नाही. आणि एक कादंबरी १८,००० शब्दांच्या आसपास येऊन रुतली आहे. त्यात आता चौथं काहीतरी खुणावतंय.

तीन प्रश्न आहेत. सुचलेल्यापैकी कशाची कथा होईल हे लिहायला बसण्याआधी ओळखता येतं का? दोन-तीन लिखाणं एकदम हातात असतील तर ती कशी सांभाळायची? आणि नवशिक्यांचं लिखाण हमखास कुठे घसरतं?

"लिहीत राहा, आपोआप जमेल" हे ऐकून झालं आहे. त्यापुढचं हवंय. नमुन्यादाखल दोन पानांवर अडकलेली कथा सांगते: वडील गेल्यानंतर भाऊ-बहीण त्यांचं घर रिकामं करायला येतात. एवढंच आहे.

मधली_ओळ:

एवढंच आहे म्हणूनच ती दोन पानांवर थांबली. भाऊ-बहीण घर रिकामं करतात ही झाली परिस्थिती. तिचं वर्णन करता येतं, आणि ते दीड-दोन पानांत उरकतं. पुढे सरकायला त्या घरात आज कुणाला तरी काहीतरी हवं असायला लागतं, तेही हातात धरता येईल असं. "तिला शांती हवी आहे" यावर प्रसंग उभा राहत नाही.

लिहायला बसण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं एकेका वाक्यात काढा. कुणाला काय हवंय? आडवं कोण येतंय? हे आजच का घडायला हवं? मिळालं तर त्या बदल्यात काय जाईल?

तुमच्याच कथेवर लावून बघू. बहिणीला वडिलांची हिशेबाची वही हवी आहे. तिच्या नवऱ्याचा धंदा बुडाला तेव्हा वडिलांनी वेळोवेळी दिलेले पैसे त्यात टिपलेले आहेत आणि भावाला यातलं काहीच ठाऊक नाही. भाऊ कपाटासमोर बसून एकेक कागद वाचून बाजूला ठेवतोय, म्हणजे तोच आडवा आलाय. रद्दी न्यायला माणूस पाच वाजता येणार आहे, म्हणून आजच. राहिला चौथा प्रश्न, आणि खरा कस तिथेच लागतो. वडिलांना महागड्या इस्पितळात ठेवायचा निर्णय भावाचा होता. सगळी पुंजी त्यातच संपली असं धरून तो स्वतःला दोष देतोय. वही दडवली तर बहिणीची लाज राहते, पण भाऊ ते ओझं जन्मभर वाहणार.

आता ही कथा आठ-दहा पानं सहज चालेल, कारण बहिणीला काहीही केलं तरी किंमत मोजावी लागणार आहे. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नसेल तर कल्पना वाईट आहे असं समजू नका. ती बहुतेक वेळा अर्धी असते. सुचलेलं टिपून ठेवायच्या तुमच्या वहीतली दुसरी एखादी नोंद तिला जोडून बघा. बऱ्याच कथा दोन एरवी असंबद्ध नोंदी एकत्र आल्यावरच उभ्या राहतात.

त्यासाठी नोंदी करायची पद्धतही बदला. "एकटेपणावर कथा" अशी नोंद महिन्याने वाचली तर हाती काहीच लागत नाही. "बंद पडलेलं घड्याळ रोज पुसून ठेवणारी बाई" ही नोंद टिकते, कारण ती वाचली की लगेच विचारावंसं वाटतं: का पुसते? विषय नोंदवू नका. दिसलेलं, ऐकलेलं, न पटलेलं, विसंगत वाटलेलं नोंदवा. बोलणं ऐकलं तर त्याचा सारांश न लिहिता शब्द जसेच्या तसे उतरवा.

दुसऱ्या कथेचा शेवट जमत नाही म्हणता. कथा न वाचता ठामपणे सांगता येणार नाही, पण अशा वेळी दुखणं शेवटच्या पानापेक्षा पहिल्या चौथाईत असण्याची शक्यता जास्त. सुरुवातीला कुठला प्रश्न उभा केलाय ते शोधा. तोच धूसर असेल तर कुठलाही शेवट चिकटवल्यासारखा वाटणार.

दुसरा_खर्डा:

मी फक्त दुसऱ्या प्रश्नावर आणि कादंबरीवर लिहितो.

तीन लिखाणं हातात असायला हरकत नाही, पण ती वेगवेगळ्या टप्प्यांवर हवीत: एकाचा कच्चा खर्डा चालू, एक मुरत ठेवलेलं, एक दुरुस्तीला. कच्चे खर्डे एकाच वेळी दोन चालवू नयेत. पहिल्या खर्ड्यात निवेदनाचा आवाज अजून पक्का झालेला नसतो, त्यामुळे एकीकडची लय दुसरीकडे सांडते आणि दोन्हीकडची पात्रं सारखीच बोलायला लागतात. दुरुस्तीचं काम वेगळ्या प्रकारचं असतं, ते खर्ड्याच्या जोडीने चालू शकतं.

तुमच्यापुरता क्रम सांगायचा तर शेवट अडलेली कथा आधी पूर्ण करा. ती सगळ्यात जवळ आली आहे आणि एक गोष्ट टोकाला नेण्यातून जे कळतं ते दहा सुरुवाती करून कळत नाही. चौथ्या कल्पनेला एकच पान द्या: कोण, काय हवंय, कुठे, आणि तिचा आवाज पकडणारा एक परिच्छेद. मग फाईल बंद. नवं नेहमीच जास्त चमकदार दिसतं, कारण त्यातल्या अडचणी अजून समोर आलेल्या नसतात.

आता कादंबरी. ६०-७० हजार शब्दांचा अंदाज धरला तर १८,००० म्हणजे साधारण पहिली चौथाई. पात्रांची ओळख झाली, पेच दाखवून झाला, आणि सुरुवातीचा माल संपला. इथे अडकणं अगदी नेहमीचं आहे. पुढचं प्रकरण रेटायच्या फंदात पडू नका. आधी उलटा आराखडा करा:

- आतापर्यंतच्या प्रत्येक प्रसंगासाठी एक कार्ड घ्या. सरासरी १,५०० शब्दांचा प्रसंग धरला तर १२ कार्डं होतील.
- प्रत्येकावर तीनच गोष्टी लिहा: प्रसंग कुणाच्या नजरेतून आहे, त्याला काय हवंय, आणि प्रसंगाच्या शेवटी काय बदललं.
- तिसरी ओळ रिकामी राहिली ते कार्ड बाजूला काढा. त्यातलं आवश्यक तेवढं शेजारच्या प्रसंगात टाका आणि उरलेलं वेगळ्या फाईलमध्ये ठेवा.
- मुख्य पात्राने स्वतःहून शेवटचा निर्णय कुठे घेतला ते शोधा. त्यानंतर तीन-चार प्रसंग त्याच्यावर नुसत्या गोष्टी येऊन आदळत असतील, तर कादंबरी तिथून रुतली आहे. त्या जागी परत जा.

मग शेवटचा प्रसंग ओबडधोबड का होईना, एका पानात लिहा. इथून तिथे पोचायला टाळताच येणार नाहीत अशी पाच-सहा वळणं काढा. तेवढा नकाशा पुरतो.

वेळेचा हिशेबही मांडून ठेवा. आठवड्याचे पाच दिवस रोज ४०० शब्द म्हणजे आठवड्याला २,०००. उरलेल्या ४५,००० शब्दांना २२-२३ आठवडे. आकडा डोळ्यांसमोर असला की एखादा वाईट दिवस फार मनाला लागत नाही. रोज उठताना प्रसंग अर्ध्यावर सोडा आणि पुढे काय होणार याची एक ओळ खाली लिहून ठेवा. प्रकरण संपवून उठलात की दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावं लागतं.

आणखी एक कंटाळवाणं पण अत्यंत गरजेचं काम: कालरेषेचा तक्ता. प्रकरण, महिना, पात्रांची वयं, कोणाला काय ठाऊक आहे. तिसऱ्या प्रकरणात पाचवा महिना लागलेली बाई कथेतले सहा महिने लोटल्यावर दहाव्या प्रकरणातही गरोदर असते, असे घोळ वाचणाऱ्याला लगेच दिसतात. लिहिणाऱ्याच्या नजरेतून ते सुटतात, कारण मधल्या प्रकरणांना त्याचे कित्येक महिने गेलेले असतात.

फाईलच्या नावात तारीख घाला, जुनी प्रत पुसू नका, एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा. टंकन युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉण्टमधला मजकूर दुसरीकडे नेला की जोडाक्षरं आणि रफार विस्कटतात आणि शेकडो पानं परत तपासत बसावं लागतं.

कान_देऊन:

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम. शेवट आधी लिहिण्याबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. काहींना शेवट कळला की लिहायची ओढच उरत नाही. त्यांनी शेवट लिहू नये. शेवटच्या प्रसंगात पात्रासमोर कुठले दोन पर्याय असतील, एवढंच ठरवावं.

आता घसरण्याच्या जागा. सगळ्यात मोठी म्हणजे भावनेचं नाव सांगून मोकळं होणं, आणि तिच्या जोडीला नजर बदलणं. मधली_ओळ यांच्या उदाहरणातलीच बहीण घेते. तिला मीना म्हणू. पहिल्या खर्ड्यात हे साधारण असं उतरतं:

"मीना खूप अस्वस्थ होती. वही दादाच्या हाती लागेल अशी तिला भीती वाटत होती. दादालाही वडिलांच्या आठवणीने भरून आलं होतं, पण तो दाखवत नव्हता."

तिसऱ्या वाक्यात आपण मीनाच्या डोक्यातून उठून दादाच्या डोक्यात शिरलो. शिवाय पहिल्या दोन वाक्यांत निष्कर्ष आयता मिळाल्यामुळे वाचकाला करण्यासारखं काही उरलं नाही. आता हे बघा:

"दादा तिसऱ्या कप्प्यावर आला होता. विजेची बिलं वर्षवार लावत होता. एखादं मागेपुढे झालं की सगळी परत उपसायची. वही चौथ्या कप्प्यात.

'चहा घेणार?' मीनाने विचारलं.

'गॅस काल बंद केला ना आपण.'

'शेजारून आणू. चल, तेवढेच पाय मोकळे होतील.'

'तू ये जाऊन.' त्याने पुढचं बिल उचललं."

भीती हा शब्द कुठेही नाही, पण कप्पे मोजतंय कोण हे वाचकाला कळतं. दादाच्या मनात शिरावं लागलं नाही. तो बिलं कशी लावतोय यावरून त्याचंही काही समजतं. अर्थात प्रत्येक गोष्ट अशी दाखवत बसू नका. "तीन दिवसांनी ती परत आली" हे सरळ सांगायचंच वाक्य आहे. जिथे पात्राचं काही पणाला लागलंय तिथे थांबा, बाकी भरभर ओलांडा.

संवादात दोघांनाही ठाऊक असलेली माहिती वाचकासाठी कोंबणं ही दुसरी जागा. "तुला माहीतच आहे, बाबा तीस वर्षं एकाच कार्यालयात होते" असं कुणी भाऊ बहिणीला सांगत नाही. तीच माहिती भांडणात वापरा: "तीस वर्षं एकाच खुर्चीत बसून काय मिळवलं त्यांनी?" आता ती माहिती राहिली नाही, आरोप झाला.

मराठीपुरत्या काही गोष्टी. निवेदन "केलं, गेलं" असं ठेवायचं की "केले, गेले" असं, हे पहिल्या पानावर ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. एकाच परिच्छेदात दोन्ही आली की आवाज फाटतो. प्रथमपुरुषी निवेदनात "मी गेलो" की "मी गेले" यावरून सांगणारा पुरुष की बाई हे पहिल्याच क्रियापदात उघड होतं, तेव्हा ते लपवायचं असेल तर वाक्यरचनेचा विचार आधीपासून लागतो. तू आणि तुम्ही यांची अदलाबदल फार ताकदीची असते. एरवी "तू" म्हणणारी व्यक्ती भांडणात अचानक "तुम्ही" म्हणाली की वेगळं वर्णन लागत नाही. पण हेच चुकून झालं तर वाचक अडखळतो, म्हणून कोण कुणाला काय म्हणतं याचाही तक्ता ठेवा. बोली संवादात जरूर आणा, मात्र प्रत्येक शब्द उच्चारानुसार लिहू नका. दोन-चार क्रियापदं आणि वाक्याची ठेवण एवढ्याने बोली ऐकू येते.

कोरी_वही:

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीची कल्पना वाचून चौथा प्रश्न म्हणजे काय ते एकदम लख्ख कळलं. शेवट अडलेली कथा आजच पुन्हा काढते. एकच विचारते: पूर्ण झाल्यावर किती वेळा दुरुस्त करायची, आणि कुणाला वाचायला द्यायची?

दुसरा_खर्डा:

कथा असेल तर आधी दोन-तीन आठवडे बघूच नका. मग तीन फेऱ्या, याच क्रमाने. पहिल्या फेरीत फक्त रचना: कुठला प्रसंग नको, कुठला उशिरा येतोय. पहिली दोन पानं झाकून कथा तिसऱ्यापासून सुरू करता येते का, हे याच फेरीत बघा. दुसऱ्या फेरीत प्रसंगाची सुरुवात आणि शेवट. बरेच प्रसंग दोन ओळी उशिरा सुरू करून दोन ओळी आधी संपवता येतात. तिसऱ्या फेरीत वाक्यं, आणि ती मोठ्याने वाचून. जीभ अडखळली तिथे खूण करा, वाचन न थांबवता पुढे जा. या फेरीत दहा टक्के शब्द कमी होतील असं बघा: ३,००० ची कथा २,७०० वर. क्रम उलटा केलात तर घासूनपुसून चकचकीत केलेला परिच्छेद शेवटी काढून टाकायची वेळ येते आणि तो काढवत नाही.

मधली_ओळ:

वाचायला तिघांना द्या आणि त्यांत निदान एकजण स्वतः न लिहिणारा असू दे. देताना कथेबद्दल काही सांगू नका. "कशी वाटली?" असं विचारलं की "छान" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: कुठे वाचणं थांबवावंसं वाटलं? कुठे मागे जाऊन परत वाचावं लागलं? अर्ध्यावर असताना पुढे काय होईल असं वाटत होतं? तिघांपैकी दोघांचं बोट एकाच जागी गेलं तर तिथे बिघाड आहे हे मान्य करा. त्यांनी सुचवलेला उपाय घ्यायलाच हवा असं नाही, कारण ती जागा खटकण्याचं कारण बरेचदा चार पानं आधी असतं. ऐकताना खुलासे करू नका, नुसतं टिपून घ्या. तुम्ही तोंडी जे समजावून सांगाल ते पानावर आलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.