स्पायनलआधी (कमरेत मणक्यांमधून सुई घालून द्यायची भूल) कातडी बधिर करायची की थेट सुई?

थेट सुई: २५ गेजची (गेज म्हणजे सुईच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितकी सुई बारीक) सुई वापरणार असाल तर आधी लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) टोचणं म्हणजे एकाऐवजी दोनदा टोचणं. त्यात लिग्नोकेनची आग त्या बारीक सुईहून जास्त. ३-४ मिली सोडलं की फुगवटा येतो आणि दोन मणक्यांमधली खाच बोटाला लागत नाही. थेट टोचा, मोकळे व्हा.

भूलवाला: मोकळे होता, पण पहिल्या प्रयत्नात जमलं तरच. सुई हाडावर आदळली की दिशा बदलावी लागते, आणि खरी कळ हाडावरच्या आवरणाची असते. पेशंट दचकून कंबर ताठ करतो, फट आणखी मिटते. शिवाय २५ किंवा २७ गेजची पेन्सिल-पॉइंट (पेन्सिलीसारख्या टोकाची) सुई बहुधा इंट्रोड्यूसरमधून, म्हणजे तिला वाट करून देणाऱ्या आखूड पोकळ सुईतून घालतात. तो जाड असतो, हे सोयीस्करपणे विसरलात.

फुगवटा येतो तो हात सैल सोडल्यामुळे. २ टक्के लिग्नोकेन, २६ गेजची सुई. कातडीतच अर्धा मिली, छोटी गांधी उठेपर्यंत. मग त्याच वाटेने आत जात एक-दीड मिली, सावकाश. सडपातळ माणसात ही सुई पूर्ण आत घालू नका, आणि दर वेळी आधी दट्ट्या ओढून पाहा. मग निदान एक मिनिट थांबा. टोचून लगेच स्पायनलची सुई घालणाऱ्याला 'लिग्नोकेनचा उपयोग नाही' म्हणायचा हक्क नाही.

ओटी सिस्टर: आग होते कारण द्रावण आम्लधर्मी असतं. १० मिली लिग्नोकेनमध्ये ८.४ टक्के सोडाबायकार्ब १ मिली, वापरायच्या वेळीच मिसळून. बुपिवाकेनमध्ये (स्पायनलमध्ये सोडायचं औषध) मात्र ते घालू नका, साका बसतो. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. ओल्यावर टोचलं की चरचरतं, आणि ते मज्जारज्जूजवळ जाणंही बरं नव्हे.

थेट सुई: बायकार्ब ठीक. मग बधिर करणारं क्रीमच लावा की.

भूलवाला: तासभर आधी, वर चिकटपट्टी लावून, आणि नेमक्या जागी लावलं तर. इमर्जन्सी सिझेरियनला कुठला तास? शिवाय ते कातडीपुरतंच, खालच्या, मणके जोडणाऱ्या लिगामेंटपर्यंत पोचत नाही.

ओटी सिस्टर: बसवण्याकडे कुणाचं लक्षच नाही. पाय स्टुलावर, उशी पोटाशी, खांदे सैल, हनुवटी छातीकडे. 'आता गार लागेल, आता टोचेल, हलू नका' हे प्रत्येक स्पर्शाआधी सांगा. आणि पायात झिणझिण्या गेल्या तर लगेच बोलायचं, हे आधीच बजावून ठेवा.

थेट सुई: बसवण्याचं मान्य. पाठीची फट स्पष्ट लागत असेल आणि इंट्रोड्यूसर लागणार नसेल, तर माझं मत तेच. बाकीच्यांना अर्धा मिली द्या, चार नको.