कॉलेजचा कबड्डी संघ हंगामभर हरला, आधी काय दुरुस्त करायचं?

खानापूर_पीटी
आमचा पदवी कॉलेजचा मुलांचा संघ राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळतो. यंदा एकही सामना हाती लागला नाही. मध्यंतराला दोन-तीन गुणांचं अंतर असतं, शेवटच्या दहा मिनिटांत ते पंधरावर जातं. पोरं गावच्या मातीत तयार झालेली, अंगानं दणकट. एक चढाईपटू खरोखर चांगला आहे, बाकीचे बोनस बरे काढतात. सराव मातीवर, सामने मॅटवर. पावसाळ्यात मैदानाचा चिखल, म्हणून तेव्हा नुसतं पळणं. सगळे म्हणतात पोरांचा दम कमी पडतोय. मला ते पूर्ण पटत नाही. नेमकं काय तपासू? पैसे फार नाहीत.

डावा_कोपरा (निपाणी)
सर, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: "बाकीचे बोनस बरे काढतात."

बोनसनं, म्हणजे समोरच्यांच्या बाजूची बोनस रेषा ओलांडून, गुण मिळतो, बाहेर बसलेला खेळाडू आत येत नाही. खेळाडू उठतो तो गडी मारल्यावर किंवा पकड केल्यावर, आणि तोही ज्या क्रमानं बाद झाला त्याच क्रमानं. तुमचा मुख्य चढाईपटू बाद झाला आणि पुढच्या चार चढायांत दोन बोनस आले, तर फलक बरा दिसतो, पण तो पोरगा बाकावरच असतो. तेवढ्यात समोरचे आणखी दोन पकडी करतात आणि लोण, म्हणजे सगळाच संघ बाद होणं, जवळ येतं. मध्यंतरापर्यंत हे झाकलं जातं. नंतर फुटतं.

एक राखीव पोरगा वही घेऊन बसवा. प्रत्येक चढाईला एक ओळ: वेळ, कोण गेला, समोर किती गडी, आपले आत किती, निकाल. चढाई ३० सेकंदांची, सामना २०-२० मिनिटांचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून ऐंशीच्या आसपास ओळी होतील. संध्याकाळी एकच बेरीज करायची: मुख्य चढाईपटू किती मिनिटं बाहेर होता. ४० पैकी १५ च्या वर गेला असेल तर दम वगैरे नंतर बघा.

मग नियम घालून द्या. मुख्य चढाईपटू बाहेर असताना दुसऱ्यानं बोनसकडे बघायचंच नाही, एक हात किंवा पाय लावून परत यायचं. समोर सहापेक्षा कमी गडी असले तर बोनस मिळतच नाही, तरी पोरं सवयीनं त्या रेषेकडे पाय टाकतात आणि कोपऱ्यातल्या बचावपटूच्या हातात सापडतात. हे वहीत लगेच दिसेल.

शहापूरचा_मॅटवाला
वरचं बरोबर आहे, पण पकडीचं कोण बघणार? मातीतली पोरं मॅटवर हमखास दोन ठिकाणी फसतात.

पहिलं, घोटा धरताना आधी गुडघा टेकवतात. मातीत तो सरकतो, मॅटवर अडकतो, कातडी जाते आणि हात एक वीत मागे राहतो. छाती-खांद्यावर घसरायला शिकवा, दोन्ही हात घोट्यामागे एकमेकांत अडकवून, डोकं चढाईपटूच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला. वेळही ठरलेली: बोनस घेताना पुढचा पाय रेषेपलीकडे टेकतो आणि मागचा हवेत असतो, तेव्हा सगळा भार एकाच पायावर येतो. त्या आधी हलायचं नाही.

दुसरं, राखीव क्षेत्र, म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडेचे पट्टे. झटापट सुरू झाल्याशिवाय तिथं पाय पडला की आपलाच गडी बाद. दणकट पोरं धक्का द्यायला धावतात, चढाईपटू अंग चुकवतो आणि हे महाशय बाहेर.

पूर्ण मॅट १३ × १० मीटरची, म्हणजे १ × १ मीटरचे १३० तुकडे. पकडीच्या सरावाला अर्धं मैदान पुरतं: ७० तुकडे, कॉलेजच्या हॉलमध्ये मावतात का आधी मोजा. कोणाकडून उसने मिळाले तरी चालतील. कडेचे सांधे चिकटपट्टीनं बांधा, फटीत चवडा अडकून पाय मुरगळतो. खानापूरच्या पावसात मॅट दमट होते, सराव सुरू करण्याआधी कोरड्या फडक्यानं पुसा. साबणाचं पाणी नको, निसरडी होते.

आणि मैदानावर ओरडणं बंद करा. आपल्याकडच्या संघात अर्धे "धर" म्हणतात, अर्धे कानडीत "हिडी", आणि चढाईपटूला दोन्ही कळतं. बचावात हात धरून केलेल्या साखळीतला हात एकदा दाबला की जायचं, दोनदा दाबला की मागं.

खानापूर_पीटी
वहीची गोष्ट एकदम पटली. अजून एक: आपला एकच गडी उरला की तो वेळ काढत राहतो. लोण देऊन टाकावं का?

डावा_कोपरा (निपाणी)
फलक बघून ठरवा. पुढं असाल तर काढू दे वेळ. मागं असाल आणि मुख्य चढाईपटू बाहेर असेल, तर बिनगुणांच्या रिकाम्या चढाया म्हणजे आपल्याच हातानं घड्याळ पळवणं. लोणाचे दोन गुण जातात, पण सातही जण परत येतात. त्या शेवटच्या गड्यानं समोर सहा-सात असतील तर बोनस काढायचा आणि पकडलं तर पकडू द्यायचं.

तीन गडी उरले असतील तर मात्र घाई नको. तीन किंवा कमी गड्यांनी केलेल्या अव्वल पकडीचे दोन गुण मिळतात. दोघे कोपऱ्यात, एक मध्ये. तिघांची साखळी करू नका, दोन्ही बाजू मोकळ्या राहतात.

चंदगडी
दम अगदीच बाजूला टाकू नका हो. फक्त मैदानाला फेऱ्या मारून कबड्डीचा दम येत नाही. ३० सेकंद पूर्ण जोरात चढाई, ३० सेकंद बचावात वाकून उभं राहणं, असं अदलून-बदलून १० मिनिटं, मग ५ मिनिटं विश्रांती, परत १० मिनिटं. हे हॉलमध्ये पावसातही होतं. शेवटच्या दहा मिनिटांत कोपरेवाला वाकायचा थांबतो आणि सरळ उभा राहतो, तिथं दम गेला समजायचं. त्याला तेव्हाच बदला.

अजून एक. दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई निर्णायक धरणार का, हे स्पर्धेच्या आदल्या बैठकीत विचारून घ्या. धरणार असतील, तर समोरच्याच्या पहिल्या दोन चढायांत कोणी पुढं झेप घ्यायची नाही. तिसऱ्याला तो आत येणारच, गुण न घेता परतला तर आपोआप बाद. तुमची पोरं पहिल्याच चढाईला तुटून पडत असतील, असं आपलं मला वाटतंय. वहीत "पकड कितव्या चढाईला" असा एक रकाना वाढवा.