लहान शाळेचा निकाल कसा वाचावा?

प्रश्न: आमच्या ग्रामीण प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गात ८ मुले आहेत. गेल्या वर्षी वाचनात सगळी उत्तीर्ण झाली, यंदा ६ झाली. शाळेचा दर्जा खरोखरच घसरला, असे समजावे का?

उत्तर १: एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. आठांच्या वर्गात एका मुलामागे निकाल साडेबारा टक्क्यांनी हलतो, शिवाय दर वर्षी मुलेही वेगळी असतात. म्हणून सलग तीन-चार वर्षांचे निकाल एकत्र पाहावेत, आणि त्याहीपेक्षा तेच मूल वर्षारंभी कुठे होते व शेवटी कुठे पोहोचले, हे तपासावे.

उत्तर २: सहमत आहे, पण मला काळजी त्या दोन मुलांची वाटते. ती जोडाक्षराशी अडखळतात, की घडाघडा वाचूनही अर्थ सांगता येत नाही? उपाय त्यावरच ठरेल.